साहेब निघालेत

६ जून

ती. फिटरकाका,

नमस्कार. बाबा गेल्यावर आलेल्या पत्रांत तुमचं पत्र सगळ्यात लहान होतं, आणि मी ते सगळ्यात जास्त वेळा वाचलं. ‘साहेब गेले. मला काही सुचत नाही.’ एवढंच. बाकीच्यांना भरपूर सुचलं होतं.

शेवटचे दोन महिने ते अंथरुणाला खिळून होते, बाकी हाल झाले नाहीत. एका दुपारी आईने चहा गाळला, साखर किती घालू विचारायला आत गेली, तर श्वास थांबलेला. बाहेर येऊन मला म्हणाली, “तुझे बाबा गेले बघ.” ‘तुझे’ बाबा. तिचं हे असं बोलणं तुम्हाला माहीत आहे की नाही, कोण जाणे. मला सवय आहे.

आता कामाचं. तुमच्या संस्थेतल्या निवृत्त लोकांचं त्रैमासिक निघतं, त्याच्या संपादकांनी बाबांवर लेख मागितलाय. ‘एक अभियंता, एक कुटुंबवत्सल माणूस’ असं शीर्षकही त्यांनीच सुचवलंय. दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझं मत मी राखून ठेवते. पहिल्या अर्ध्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. बाबा चौतीस वर्षं विमानांच्या सांगाड्यांची चाचणी घेत होते, म्हणजे रोज सकाळी जाऊन नक्की काय करत होते? घरी ते कामाबद्दल अवाक्षर काढत नसत. तुम्ही वीस वर्षं त्यांच्या हाताखाली होतात. जे आठवेल ते लिहून पाठवाल का?

लहानपणी मी त्यांची मोजपट्टी गळ्यात अडकवून फिरायचे म्हणून तुम्ही मला ‘मोजपट्टी’ म्हणायचात. आता त्रेपन्न वर्षांची झालेय, पण तुम्ही तेच म्हणा.

तुमची,
मोजपट्टी


१९ जून

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चष्मा शोधण्यात एक दिवस गेला आणि पेन शोधण्यात दुसरा. सत्त्याहत्तर झाली मला, समजून घे.

साहेब काय करायचे ते सोपं करून सांगतो. विमान आकाशात जाण्याआधी कुणीतरी ते जमिनीवर मोडून बघावं लागतं. तो माणूस म्हणजे तुझे बाबा. पंख आणायचा, लोखंडी चौकटीला बोल्टांनी घट्ट आवळायचा, खालून जॅक लावायचे आणि वारा जसा पंखाला वर ढकलतो तसं ढकलत जायचं. इतके टक्के, मग तितके टक्के. शेवटी मोडेपर्यंत. साहेब आधी चार चार महिने हिशेब करायचे आणि पंख कुठे मोडणार तिथे खडूने रेघ मारून ठेवायचे. जॅक बसवणं आमचं काम. एक बोल्ट अर्धा आटा सैल राहिला तर लांबून ओळखायचे. ओरडायचे नाहीत. नुसते त्या बोल्टासमोर जाऊन उभे राहायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्वभाव असा संशयी की, कुठेही गेले तरी खुर्ची आधी हलवून बघणार, मग बसणार. कँटीनमधलं एक टेबल डुगडुगायचं. त्याच्या पायाखाली कागदाची घडी घातली, तर घडीवर तारीख लिहिली. किती दिवस टिकते ते बघायचं म्हणे! माझ्या नव्या घराच्या जिन्याचा कठडा धरून बघितला आणि म्हणाले, “हा तुला सावरणार नाही, तूच याला सावरशील.” दुसऱ्या रविवारी हत्यारं घेऊन हजर. दिवसभर खपून कठडा बसवून दिला. माझ्या बायकोने जेवायला आग्रह केला तर म्हणाले, “सहाच्या आत घरी पोचायचंय.”

हे तू लिहीच. ज्या पायरीवर बढती, मान, परदेशी जाणं होतं, त्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला नाही. दोनदा मोठी जागा चालून आली. दोन्ही वेळा नाही म्हणाले, कारण तिथे घरी जायची वेळ ठरलेली नसायची.

मोठ्या पंखाच्या चाचणीचं म्हणशील तर ते मला आता नीटसं आठवत नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचार.

तुझा,
फिटरकाका


३ जुलै

ती. काका,

तुमचं पत्र वाचून मी हसले. हा माणूस आमच्या घरी कधी राहायला नव्हता असं वाटलं, आणि मग हसू गेलं.

संपादकांना नेमकी मोठ्या पंखाचीच चाचणी हवी आहे. बाबांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश, असं ते म्हणतात. त्यांनी तारीख कळवली. मला ती कळवायची गरज नव्हती. त्या दिवशी माझा भाऊ गेला.

काका, तुम्हाला तो दिवस आठवत नाही हे मला पटत नाही. मी सात वर्षांची होते आणि मला सगळं आठवतं. बाळ दोन वर्षांचं. सकाळपासून तापलेलं. दुपारी आई शेजारी जाऊन ऑफिसात फोन करून आली. नंतर पुन्हा एकदा करून आली आणि मला म्हणाली, “बाबा निघालेत. खिडकीत उभी राहा, जीप दिसली की सांग.” मी उभी राहिले. माझी हनुवटी चौकटीला जेमतेम टेकत होती. एक पाववाला गेला, एक पाण्याचा टँकर गेला. जीप आली नाही. तिनाच्या सुमाराला बाळाला झटके यायला लागले, तेव्हा शेजारच्यांनी त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर होता. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. दिवे लागायच्या वेळी बाळ गेलं.

पुढची दोन वर्षं आई बाबांशी थेट बोलली नाही. “बाबांना सांग, ताट वाढलंय.” “बाबांना सांग, उद्या दूधवाला येणार नाही.” मी दोन पावलांवरून निरोप पोचवायचे. ते सहाच्या ठोक्याला घरात यायचे, माझ्या वेण्या घालायचे, बूट शिवून द्यायचे, आणि मला साधी कणकण आली तरी दर तासाला ताप मोजून आलेखाच्या कागदावर ठिपके काढत बसायचे. कपाळावर हात ठेवायचा सोडून आलेख! मला वाटायचं, या माणसाला माझा ताप हीसुद्धा चाचणीच आहे.

तुम्ही तिथे होतात. निरोप मिळाल्यावर ते काय करत होते, तेवढंच सांगा.

मोजपट्टी


१५ जुलै

चि. मोजपट्टीस,

तो दिवस लेखातून वगळ. बाकी चौतीस वर्षं आहेत.

साहेबांना मी एक शब्द दिला होता. माणूस गेला म्हणून शब्द संपतो की राहतो, ते मला ठरवता येत नाहीये. थोडा वेळ दे.

आईची तब्येत कशी आहे? वहिनींना नमस्कार सांग. नको, राहू दे, सांगू नकोस.

काका


२ ऑगस्ट

ती. काका,

वेळ दिला. अठरा दिवस झाले. शब्द कसला ते मला कळायला फार हुशारी लागत नाही. साहेबांचं झाकून ठेवायचं, हाच ना? तुमची निष्ठा मला समजते. पण त्यांचं झाकायला आता तेही नाहीत, आणि मी थकलेय.

लेख लिहून झालाय. महिनाअखेर छापायला जाईल. त्यातला हा परिच्छेद तुम्हाला आधी दाखवावा असं वाटलं:

‘माझे वडील कामात चोख होते. इतके चोख, की पोटचा मुलगा तापाने फणफणलाय हा निरोप दुपारी दीडला मिळूनही ते चाचणी सोडून उठले नाहीत. पंख त्यांनी आखलेल्या रेघेवरच मोडला. त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं. त्यानंतर ते आयुष्यभर सहाच्या ठोक्याला घरी येत राहिले. आम्हाला ते एकदाच, साडेचार तास लवकर हवे होते.’

संपादक कापतील कदाचित. मी कापणार नाही. खोटं असेल तर सांगा.

मोजपट्टी


९ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,

खोटं आहे. छापू नकोस.

शब्द मोडतोय. साहेब माफ करतील की नाही माहीत नाही, पण हे छापून आलं तर मी मला माफ करणार नाही. नीट बसून वाच.

त्या दिवशी चाचणी अकराला सुरू झाली. साहेब आत काचेपलीकडे. एकदा दार लागलं की कुणी आत जायचं नाही, कारण ताणाखाली असलेला पंख कधी फुटेल सांगता येत नाही. माझी जागा बाहेरच्या बोळात, पंपाच्या झडपेपाशी. तिथेच भिंतीवर फोन होता. फोनशेजारी एक बटण होतं. ते दाबलं की आत घंटा वाजायची आणि चाचणी थांबायची.

दीडला फोन वाजला. वहिनी होत्या. “बाळाला फार ताप आहे, मान हलवत नाहीये, यांना पाठवा.” मी म्हणालो, “सांगतो.”

सांगितलं नाही.

आत ऐंशी टक्के भार चढला होता. थांबवलं असतं तर सगळा भार उतरवायचा, पंख खोलायचा, तपासायचा. महिना गेला असता, कदाचित पंखच बाद झाला असता. साहेब चार महिने नीट जेवले नव्हते. मला वाटलं, ताप आहे, लेकरांना ताप येतात. माझ्या दोघांना महिन्याआड यायचा. तासाभरात संपेल, मग सांगू. मी साहेबांवर उपकार करतोय असं मला वाटलं, मोजपट्टी. देवाशपथ, तसंच वाटलं.

दोन वीसला पुन्हा फोन. वहिनी रडत होत्या. “सांगितलंत का?” मी म्हणालो, “हो वहिनी. साहेब निघालेत.”

हे का म्हणालो याचं उत्तर मी सेहेचाळीस वर्षं शोधतोय. त्यांचं रडणं थांबावं म्हणून म्हणालो. बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. वहिनी तुम्हाला घेऊन थांबून राहिल्या त्या साहेबांमुळे नाही. माझ्या त्या एका शब्दामुळे.

तीन पन्नासला पंख मोडला. बरोबर रेघेवर. सगळे टाळ्या वाजवत बाहेर आले. साहेबांच्या हाताला खडू होता. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही फोनचं सांगितलं. ते हसत होते, ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पुसायचं विसरल्यासारखं. जीपमध्ये एवढंच विचारलं, “मान हलवत नाही म्हणाली? नक्की?”

घरी कुलूप. दवाखान्यात पोचलो. वहिनी बाकावर होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “दीडला निरोप दिला होता.” मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं होतं माझं. साहेब म्हणाले, “हो. मिळाला होता.”

पंधरा दिवसांनी कामावर आले तेव्हा मी पाय धरले. म्हणालो, वहिनींना खरं सांगतो, नोकरी गेली तरी चालेल. त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाले, “तिला कुणावर तरी रागवायला हवं. तू परका आहेस. परक्यावरचा राग घेऊन ती कुठे जाणार? मी घरात आहे, रोज समोर आहे.” मी रडायला लागलो. तेव्हा म्हणाले, “आणि तू दीडला सांगितलं असतंस तर मी ऐंशी टक्क्यांवरून उठलो असतो का, हे मला नक्की सांगता येत नाही. खूप विचार केला. येत नाही. जे मलाच माहीत नाही, त्याची शिक्षा तुला कशी देऊ?” मग शब्द घेतला.

तू त्या आलेखाबद्दल लिहिलंस. हात ठेवून ताप कळतो यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता गं.

तुझ्या क्षमेवर माझा हक्क नाही. पण तो परिच्छेद काढ.

फिटर


४ ऑक्टोबर

काका,

लेख परत मागवला. छापला नाही. नवा लिहिलेला नाही.

तुम्हाला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहीत होते ते फाडावं लागत होतं. एका पत्रात मी तुम्हाला खुनी म्हटलं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुम्हीसुद्धा खूप सोसलंत. दोन्ही फाडली. दोन्ही त्या त्या दिवशी खरी होती.

बाबांवरही रागावून झालं. शेवटचे दोन महिने मी त्यांना आंघोळ घालत होते, नखं कापत होते, आणि कपाळावर आठी ठेवून करत होते. एका वाक्यात ती आठी गेली असती. एकदा त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, “तुला त्रास होतो ना माझा?” मी म्हणाले, “आता काय करणार, बाबा.” हेच माझं उत्तर. आता ते बदलता येत नाही.

आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकोणऐंशीची आहे, कशाला ढवळा. पण परवा तिने बाबांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. म्हणाली, “धूळ बसते.” मला राहवलं नाही. तुमचं पत्र तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. पूर्ण होईपर्यंत निवडत राहिली. मग ताट बाजूला सरकवून म्हणाली, “पुन्हा वाच. दोन वीसचं तेवढं.” वाचलं.

आज सकाळी माझ्याकडे कागद मागितला, रेघा असलेला. काय लिहिते ते मला दाखवत नाही. तुम्हाला पत्र आलं तर ते तिचं असेल. त्यात काय असेल ते मला माहीत नाही. जपून उघडा.

मोजपट्टी


१९ ऑक्टोबर

फिटर भाऊजींना,

अक्षर लावून घ्या. पंधरा दिवस लागले लिहायला.

तुमचं पत्र ऐकून पहिला राग आला तो तुमचा नाही, यांचा. मी सेहेचाळीस वर्षं या माणसावर रागावले. जेवताना, झोपताना, मुलीच्या लग्नात फोटोला उभी राहतानासुद्धा. एवढ्या संसारात दुसरं कुठलंच काम मी इतकं केलं नसेल, जितकं हे रागावण्याचं केलं. आणि आता कळतं की त्यांनी ते मला करू दिलं. बाईला काय सोसेल ते बाईला न विचारता ठरवलं. हिशेब करून रेघ मारून ठेवली, इथे मोडेल म्हणून.

मग तुमचा राग आला. तो अजून आहे. तो काही मी लपवणार नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आणि मुलीलाही नाही. तुम्ही सगळं स्वतःवर घेऊन बसला आहात म्हणून सांगते.

त्या दिवशी सकाळी बाळ तापलेलं होतं. मी यांना म्हणाले, “आज जाऊ नका.” हे म्हणाले, “आज नाही जमणार, संध्याकाळी लवकर येतो.” मी दार आपटलं. अकरा वाजता शेजारीण आली. म्हणाली, आमचे हे आज घरी आहेत, गाडी आहे, चला दाखवून येऊ. मी नको म्हणाले. दुपारी फोन करायला तिच्याकडे गेले तेव्हा पुन्हा म्हणाली. मी म्हणाले, हे येतायत. तुमच्याशी बोलायच्या आधीच म्हणाले, भाऊजी. तुम्ही ‘निघालेत’ म्हणालात ते त्यानंतर.

गाडी भिंतीपलीकडे उभी होती. मला गाडी नको होती. मला हे हवे होते. एकदा तरी त्यांनी ते काम टाकून माझ्या शब्दाखातर उठून यावं, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवशी हवी होती. बाळाच्या अंगाचा चटका हाताला बसत होता आणि मी मनात म्हणत होते, बघू या, येतात की नाही.

दवाखान्यात मी बाकावर बसले होते तेव्हा हे सगळं माझ्या छातीवर होतं. वाटत होतं, कुणीतरी विचारणार, शेजाऱ्यांची गाडी होती ना? तेवढ्यात हे आले. मी म्हणाले, दीडला निरोप दिला होता. हे म्हणाले, हो. त्यांनी खांदा पुढे केला आणि मी माझंही ओझं त्यावर ठेवलं. ठेवून मोकळी झाले. नुसती मोकळी झाले असते तरी ठीक, वर रागावले.

शेजारीण यांच्याशी त्या गाडीबद्दल बोलली होती का, मला माहीत नाही. वर्षभराने ते लोक बदली होऊन गेले. जाताना ती यांना जिन्यात भेटली होती, बराच वेळ बोलत उभी होती. वर आल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “मुली, बाबांना सांग, चहा झालाय.” त्यांनी चहा घेतला.

ते गेले त्या दुपारी माझ्या मनात होतं की आज विचारावं. खरंच होतं. साखरेचं निमित्त करून आत गेले होते.

लेख मुलीने लिहावा असं मी तिला सांगितलंय. माझ्याबद्दलचं हे त्यात घालायचं की नाही ते तिने ठरवावं. पत्र टाकायच्या आधी तिला वाचायला देणार आहे. ती माझ्याशी बोलायची थांबली तर थांबू दे, मला त्याची रीत माहीत आहे.

तुम्ही क्षमा मागितली नाहीत, तेवढं मला आवडलं. मीही देत नाही. कुणी कुणाला द्यायची?

मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नाही, भाऊजी. खुर्ची हलवून बसायचे ते मला ठाऊक होतं, पण मला वाटायचं ते फक्त माझ्या घरच्या खुर्च्यांवर विश्वास नाही म्हणून. तुम्हाला जे जे आठवतं ते मला लिहून पाठवा. चांगलं, वाईट, बारीकसारीक. कँटीनमध्ये काय बोलायचे, कुणावर चिडायचे, बाळाचं नाव कधी काढायचे का.

मुलगी म्हणते, एवढं लिहीत कशाला बसतेस, काकांचा नंबर मागवते, फोनवर बोलून घे. ते नको. तुमचा आवाज फोनवर ऐकायची अजून माझी तयारी नाही.

लिहा.